इंटरनेट ग्रामपंचायतीच्या भिंतीशीच का थांबतं?

ज्या गावात मी गेली काही वर्षं जाऊन-येऊन काम करते, तिथल्या ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीला एक पांढरी पेटी ठोकलेली आहे. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात. ही भारतनेटची पेटी. जिल्हा, तालुका करत आलेली फायबरची केबल या भिंतीपर्यंत येते आणि इथेच संपते.

२०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या. तेव्हा बौद्धवाड्यातल्या तीन मुली एकाच मोबाइलवर अभ्यास करायला या भिंतीच्या मागच्या बाजूला, गटारावरच्या फरशीवर बसायच्या. तिथे सिग्नल यायचा आणि वायफाय सगळ्यांसाठी खुलं आहे असं दारावर लिहिलेलंही होतं. एके दिवशी आतून कुणीतरी बाहेर आलं आणि विचारलं, "कुणाच्या गं तुम्ही?" खेड्यात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुलींनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पेटीचा स्विच दुपारी बंद व्हायला लागला. कारण काय, तर वीजबिल. जातीमुळेच बंद केला हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकत नाही, आणि तशी सोय ठेवूनच हे सगळं केलं जातं. कुणीही "तुम्हाला मनाई आहे" असं म्हटलेलं नाही. स्विच मात्र त्यांच्या हातात आहे.

आपल्याला हे नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने त्यानंतर चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन काठावर उतरावं लागलं, आणि त्यानंतर विरोधकांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खासगी मालकीचं आहे. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे पाण्यावर हक्क आहे की नाही या भांडणाच्या पोटात तळं कुणाचं हे भांडण होतं. इंटरनेटबद्दल आपल्यातले शिकलेसवरलेले लोक बोलतात तेव्हा फक्त पहिला प्रश्न विचारतात, दुसरा विचारतच नाहीत. मला आज दुसऱ्यावर बोलायचं आहे.

आधी पैशाचा हिशेब. भारतनेट २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं हा त्याचा उद्देश. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्याच्या सुधारित आराखड्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. हा पैसा ज्या निधीतून येतो तो निधी टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ठरावीक टक्के कापून जमतो, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. तेव्हा भिंतीवरची ती पेटी कुणी मेहेरबानीने दिलेली नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईने बीडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावरून केलेल्या रिचार्जचाही त्यात वाटा आहे.

सरकारी भाषेत त्या पेटीपासून घरापर्यंतच्या अंतराला "शेवटचा मैल" म्हणतात. आमच्या गावात हे अंतर जेमतेम सहाशे मीटर आहे. मधे मारुतीचं देऊळ, दोन मोठे वाडे, एक ओढा, मग बौद्धवाडा आणि त्याच्या पलीकडे मातंग वस्ती. जलवाहिनी याच रस्त्याने आली आणि ओढ्याच्या अलीकडे चार वर्षं थांबली होती. दिव्याचे खांबही तिथेच थांबले होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांसाठी हा शेवटचा मैल नाही. हा तोच जुना मैल आहे.

आता तंत्रज्ञानाकडे येते. हे अंतर कुणाचीही जमीन न खणता, कुणाच्या दारात परवानगी मागायला न जाता ओलांडण्याचं एक साधन वीसेक वर्षं जगात वापरात आहे. त्याचं नाव वायरलेस मेश नेटवर्क. मेश म्हणजे जाळी.

आपण घरी वापरतो ते वायफाय कसं चालतं? मधे एक राउटर, आणि सगळे मोबाइल फक्त त्याच्याशी बोलतात. मोबाइलचा टॉवरही तसाच. टॉवर बंद पडला की एकाच खोलीत बसलेल्या दोघांना एकमेकांना फोन लावता येत नाही, कारण दोघांमधला निरोप आधी टॉवरकडे जातो आणि तिथून परत येतो. सगळे वरच्याशी जोडलेले, शेजाऱ्याशी कुणीच नाही. जातिव्यवस्था शिकवताना मला हे चित्र फार उपयोगी पडतं, पण ते राहू द्या.

मेशमध्ये प्रत्येक पेटी दोन कामं करते. जवळच्या मोबाइलना जोडणी देते, आणि शेजारच्या पेटीचा निरोप पुढच्या पेटीकडे पोचवते. समजा विहाराच्या छपरावर एक पेटी आहे आणि तिला केबलमधून इंटरनेट मिळतं. ऐंशी मीटरवर अंगणवाडीच्या छपरावर दुसरी, तिथून दिसेल अशा एखाद्या घरावर तिसरी, मग चौथी. चौथ्या घरातल्या मुलीने काही उघडलं की तिच्या मागणीचे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि ते तिसरी, दुसरी, पहिली अशा उड्या मारत बाहेर जातात. उत्तरही तसंच परत येतं. जिथून बाहेरचं इंटरनेट आत येतं त्या पेटीला गेटवे म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

वाट कशी कळते? यात मला सगळ्यात जास्त रस आहे. बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाची नागरिकांची एक चळवळ आहे. लोक आपापल्या खिडक्यांत, गच्च्यांवर राउटर ठेवतात आणि शहरभर मोफत जाळं विणतात. त्यांच्यातल्या लोकांनी बॅटमॅन नावाची एक पद्धत लिहिली. त्यात प्रत्येक पेटी थोड्या-थोड्या वेळाने नुसती हाक मारते: मी आहे. शेजारी ती हाक पुढे देतात, त्यांचे शेजारी आणखी पुढे. लांबची पेटी एवढंच बघते की अमक्याची हाक आपल्याला कोणत्या शेजाऱ्याकडून जास्त नेमाने ऐकू येते. तिथे काही पाठवायचं असेल तर त्या शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. बस. सगळा नकाशा कुणाकडेच नसतो, आणि त्याची गरजही पडत नाही. मधली एखादी पेटी बंद पडली तर तिच्याकडून येणाऱ्या हाका थांबतात आणि बाकीच्या थोड्या वेळात दुसरी वाट धरतात. तालुक्याहून माणूस यायची वाट बघावी लागत नाही.

आता थोडं कडू बोलते. निरोप पोचवण्याचं काम आपल्या आजे-पणज्यांनी शतकानुशतकं केलं आहे. महार वतनात सरकारी टपाल, मयताची खबर, साहेब आल्याची वर्दी, सगळं पायी पोचवायचं. रात्र असो, पाऊस असो. मोबदला काय, तर बलुतं आणि शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये याविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं, वतनं कायद्याने गेली ती १९५८ नंतर. म्हणजे गावाचं पहिलं नेटवर्क आपणच होतो. फक्त त्यातला एकही निरोप आपला नव्हता. मेशमध्येही प्रत्येकजण दुसऱ्याचा निरोप वाहतो, पण तिथे दुसराही आपला वाहतो. हा परस्परपणा असेल तर ती जाळी, नसेल तर ती वेठच. आणि तो आपोआप येत नाही.

का येत नाही ते सांगते, कारण मेशची भलामण करणारे पुष्कळ तरुण हे सांगत नाहीत. पेटीत एकच रेडिओ असेल तर ती एका वेळी ऐकू तरी शकते किंवा बोलू तरी शकते. म्हणून प्रत्येक उडीला वेग जवळपास निम्मा होतो. गेटवेपाशी वीसचा वेग असेल तर एका उडीनंतर दहा, मग पाच, मग अडीच. यावर उपाय आहे. दोन रेडिओंची पेटी घ्यायची, ५ गिगाहर्ट्‌झवर पेट्यांनी आपसात बोलायचं आणि २.४ वर मोबाइलशी. उड्या तीन-चारच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. तरीसुद्धा शेवटच्या घराला सगळ्यात कमी मिळतं आणि गेटवेच्या शेजाऱ्याला सगळ्यात जास्त, हा जाळीचा स्वभाव उरतोच.

आता हे आमच्या गावाच्या नकाशावर मांडून बघा. गेटवे ग्रामपंचायतीत ठेवला, पहिली उडी देवळावर, दुसरी वाड्यावर, तिसरी ओढ्याकाठी, तर चौथी बौद्धवाड्यात आणि पाचवी मातंग वस्तीत. यंत्राला जात माहीत नाही, सगळं प्रामाणिकपणे चाललेलं आहे, आणि तरी गावकुसाबाहेर काय पोचतं? उरलेलं. वाढून झाल्यावर उरलेलं. म्हणून गेटवे कुठे बसवायचा हा अभियंत्याने ठरवायचा प्रश्न नाही. केबल ग्रामपंचायतीतून निघून थेट ओढ्याच्या पलीकडे गेली पाहिजे आणि जाळी तिथून गावाकडे विणली गेली पाहिजे. त्याने गावाचं काही बिघडत नाही. ते एकदा चौथ्या उडीवर राहून बघतील.

"मेशला केंद्र नसतं, म्हणून त्यात वर-खाली नसतं" असं मला पुण्याच्या एका कार्यशाळेत एका सज्जन तरुणाने फार गोड शब्दांत सांगितलं. मी त्याला विचारलं, राउटरचा पासवर्ड कुणाकडे असतो? तो म्हणाला, "ॲडमिनकडे." ॲडमिन कोण? त्याने इकडेतिकडे पाहिलं. खोलीतल्या आडनावांवरून उत्तर दिसतच होतं. तंत्रज्ञानाला जात नसते हे वाक्य जे वापरतात त्यांच्या हातात ते येताना जात आधीच गाळून घेतलेली असते. २०१५ साली शिर्डीत एका तरुणाचा जीव गेला, आणि मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती म्हणून त्याला मारल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. यंत्र तेच. कुणाच्या खिशात वाजलं यावरून त्याची शिक्षा ठरली.

तरीही मी मेशच्या बाजूने का आहे?

जगात ज्यांनी हे आधी केलं ते आपल्यासारखेच कंपन्यांनी सोडून दिलेले लोक होते. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात ओसोना नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथे २००४ च्या सुमाराला कंपन्या ब्रॉडबँड द्यायला येईनात, म्हणून रामोन रोका आणि त्याच्या शेजाऱ्यांनी छपरांवर अँटेना लावायला सुरुवात केली. त्यातून गुईफी हे जाळं उभं राहिलं. आज त्याची ३५ हजारांवर केंद्रं आहेत आणि काही भागात स्वतःचं फायबरही आहे. ते सगळंच काटेकोर अर्थाने मेश नाही. पण त्यांचा करार महत्त्वाचा आहे: जो आपला तुकडा जोडतो तो दुसऱ्याचा निरोप अडवणार नाही, आणि जाळं कुणा एकाच्या मालकीचं होणार नाही. एवढ्या मोठ्या जाळ्याला चेअरमन नाही असं नाही, पण चेअरमनला कुणाची जोडणी तोडता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या टोकाला रेड हूक नावाची वस्ती आहे. सरकारी चाळी, राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. तिथल्या एका सामाजिक संस्थेने वस्तीतल्या पोरांना शिकवून छोटं मेश नेटवर्क सुरू केलं होतं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं, वस्तीत पाणी शिरलं, वीज गेली, फोन गेले. त्या संस्थेच्या इमारतीतलं वायफाय टिकलं. लोक तिथे येऊन नातेवाइकांना निरोप पाठवत होते, मदत कुठे मिळते ते बघत होते. नंतर आपत्ती निवारणाच्या सरकारी यंत्रणेनेच आपली उपग्रह जोडणी या जाळ्याला दिली. डेट्रॉइटमध्येही कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यांत तरुणांना प्रशिक्षण देऊन असंच काम चालू आहे, आणि तिथे नुसती अँटेना लावायला शिकवत नाहीत, दारोदार जाऊन शेजाऱ्याशी कसं बोलायचं तेही शिकवतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं, १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नावच तिकडून घेतलं. मग तिथल्या चळवळीचा छपरावरचा अँटेना आपल्याला का दिसू नये?

भारतातही झालं आहे. धरमशाळेत तिबेटी निर्वासितांच्या संस्थांना जोडणारं जाळं २००५ मध्ये उभं राहिलं. डोंगर, पाऊस, वीज जाणं, वर माकडं अँटेना हलवणार, तरी ते चाललं. मध्य प्रदेशात चंदेरीच्या विणकरांपर्यंत २०१० पासून असंच स्वस्त वायफाय नेलं गेलं. आपल्याच पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून आदिवासी भागातल्या गावांत जोडणी देऊन दाखवली. तेव्हा "हे परदेशात ठीक आहे" हा युक्तिवाद कुणी करू नये.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ॲट्रॉसिटी कायदा बोथट करणारा निकाल दिला आणि २ एप्रिलला भारत बंद झाला. त्या दिवशी पंजाबात मोबाइल इंटरनेट बंद केलं गेलं, मध्य प्रदेश आणि राजस्थानात बऱ्याच ठिकाणी तेच. ग्वाल्हेर-मुरैना भागात आपली माणसं गोळ्यांना बळी पडत होती आणि बाहेरच्यांना दिसत होतं ते टीव्हीवाल्यांनी दाखवलेलं. काश्मीरला ऑगस्ट २०१९ पासून ४जी परत यायला दीड वर्ष लागलं. २०२३ च्या मे महिन्यापासून मणिपूर कित्येक महिने अंधारात होतं. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झालं, जगात सगळ्यात जास्त. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये, अनुराधा भसीन खटल्यात, असे आदेश जाहीर करा आणि ते तात्पुरतेच असले पाहिजेत असं बजावलं होतं. आदेश किती ठिकाणी जाहीर होतात ते तुम्हीच शोधून बघा.

कंपनीच्या टॉवरवर उभी असलेली चळवळ एका सहीने मुकी होते. वस्तीची जाळी असेल तर बाहेरचं इंटरनेट जाईल, पण वस्तीतल्या वस्तीत निरोप चालू राहतो: कोण जखमी आहे, गाडी कुठे उभी आहे, अफवा कोणती आणि खरं काय. अर्थात यातही भाबडेपणा नको. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१४ मध्ये फायरचॅट आणि २०१९ मध्ये ब्रिजफाय ही टॉवरशिवाय मोबाइल ते मोबाइल चालणारी ॲप वापरली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्रिजफायमधले निरोप तिसऱ्याला वाचता येत होते, कोण कुणाशी बोलतं तेही कळत होतं. जाळी आपली असली म्हणजे निरोप गुप्त झाला असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते मिसळले तर किंमत आपल्या पोरांना मोजावी लागेल. स्टेटस ठेवल्यावरून गुन्हे दाखल होण्याच्या दिवसांत हे मी उगाच सांगत नाही.

कायद्याचंही थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्‌झचे बरेच पट्टे २०१८ पासून विनापरवाना आहेत. ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीची उपकरणं लावून आपल्या छपरावरून शेजारच्या छपराशी बोलायला लहरींचा परवाना लागत नाही. मात्र त्यावरून लोकांना इंटरनेट विकायचं म्हटलं की नियम लागतात. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये आलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात वायफाय देणाऱ्या छोट्या दुकानाला परवाना किंवा फी नाही आणि वापरणाऱ्याची ओळख ओटीपीने नोंदली जाते. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात अशा दुकानांना घरगुती जोडणीऐवजी महागडी लीज्ड लाईन घ्यायला लावली जात होती, इतकी की शेवटी २०२५ मध्ये ट्रायला दराची मर्यादा घालावी लागली. पुन्हा तेच: ठराव एकीकडे, तळ्याचा काठ दुसरीकडे.

आपल्याच लोकांचे आक्षेप मला जास्त ऐकू येतात, म्हणून त्यांना उत्तर देते. एक जण म्हणतो, आता सगळ्यांकडे स्वस्त डेटा आहे, मग हे कशाला? टाळेबंदीच्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, आणि त्यानंतर दोन वर्षांतच शाळा मोबाइलवर गेल्या. त्या पिढीचं जे नुकसान झालं ते भरून आलं का? तेव्हापासून मोबाइल वाढले, हे खरं. पण २०२४ च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा आपण काय करू शकलो? नंबर पोर्ट करा म्हणून मेसेज फिरवले, तेही त्यांच्याच नेटवर्कवर. घरात एक मोबाइल असतो तो बापाच्या खिशात जातो, उरला तर भावाच्या. मुलीची पाळी रात्री दहानंतर.

दुसरा म्हणतो, ताई, आधी भाकरीचं बघा. दादा, १९२० साली भाकरीचा प्रश्न सुटला होता का? तेव्हाच बाबासाहेबांनी मूकनायक काढला. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला केसरी तयार झाला नाही. त्यांनी केसरीला विनंतीअर्ज करत आयुष्य घालवलं नाही. बहिष्कृत भारत काढला, जनता काढला, स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द किती दिवस टिकतो हे त्यांना माहीत होतं. आज आपली सगळी पत्रकारिता, यूट्यूब चॅनल, व्हॉट्सॲप ग्रुप, हा ब्लॉगसुद्धा, दुसऱ्याच्या छापखान्यात छापला जातो. सगळं काही मेशने सुटणार नाही, पण वस्तीपुरता छापखाना तरी आपला होईल.

आम्ही तालुक्याच्या गावी, आमच्या वस्तीत, हा प्रयोग लहान प्रमाणात केला. त्यात सांगण्यासारखा पराक्रम नाही. जुन्या बाजारातून चार राउटर घेतले, त्यांच्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं. आयटीआय झालेल्या दोन पोरांनी रात्री जागून ते जमवलं, एक राउटर त्यात कायमचा गेला. बॅटऱ्या, केबल, पाइप धरून नऊ हजारांच्या आत काम झालं. विहारातल्या अभ्यासिकेत एक जुना लॅपटॉप ठेवला. त्यात शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि किविक्सवरून उतरवलेला मराठी विकिपीडिया आहे. इंटरनेट असो-नसो, वस्तीतल्या कुठल्याही मोबाइलवर हे उघडतं, एक पैसा डेटा न जाता. लोक सगळ्यात जास्त काय उघडतात म्हणाल तर प्रश्नपत्रिका. त्याखालोखाल, मीच नंतर टाकलेली, रेशन आणि घरकुलाच्या अर्जांची फाइल.

त्रास काय झाला? पत्र्याच्या घरावर बांबूला बांधलेली पेटी पहिल्या वादळात पडली. पावसाळ्यात कडुनिंबाने पालवी धरली आणि दोन छपरांमधला सिग्नल अर्धा झाला, ओला पाला लहरी खातो हे कुणी सांगितलं नव्हतं. पण खरा त्रास विहार समितीत झाला. पेट्यांची किल्ली कुणाकडे? समितीत सगळे पुरुष. काका म्हणाले, "पोरं त्यावर रील बघतील, रात्री नऊला बंद करत जाऊ." मी म्हटलं, काका, बायकांचं काम नऊनंतर उरकतं. शेवटी ठरलं ते असं: चार किल्ल्या, त्यातल्या दोन बायकांकडे, बंद करायचं असेल तर बैठकीत सांगायचं. ग्रामपंचायतीचा स्विच गेला आणि विहाराचा आला तर त्याला बदल म्हणायचं का? हे भांडण घरात करणं जास्त जड जातं, पण ते केल्याशिवाय पेटी लावू नये असं माझं मत झालं आहे.

आणि पैशाचं म्हणाल तर शेजारच्या वस्तीत गेल्या १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेला जे बिल झालं त्यात आमच्यासारखी सहा जाळी बसली असती. जयंतीला नाचू नका असं मी म्हणत नाही, मीही नाचते. पावतीपुस्तक घेऊन फिरताना त्यातली एक पावती पेटीसाठी फाडा, इतकंच.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत त्या पांढऱ्या पेटीच्या गावात आम्ही अर्ज देणार आहोत. मागणी एकच: भारतनेटच्या पेटीतून एक केबल ओढ्यापलीकडच्या विहाराच्या छपरावर द्यावी, खर्च आमचा. अर्ज लिहून झाला आहे. पोच घ्यायची आहे, कारण तोंडी "बघू" म्हणतील हे माहीत आहे. नकार दिला तर तो लेखी द्या असं आम्ही म्हणू. सहाशे मीटरचा केबलचा रोल कुणाकडे पडून असेल, किंवा दोन रेडिओंचे जुने राउटर असतील, तर कळवा. गाडीभाडं आम्ही देऊ.

जय भीम.